रेनफॉरेस्ट कॅम्प : पाच महिने, तीन मुक्काम आणि तीन जोड्या ओले मोजे

दिवाळीच्या साफसफाईत बायकोने माळ्यावरून ट्रेकची सॅक खाली काढली, चेन उघडली आणि लगेच बंद केली. आत जुलैतले मोजे होते. तीन जोड्या, कॅरीबॅगेत घालून वर गाठ मारलेल्या, म्हणजे मीच मारलेली, घरी गेल्यावर धुवू म्हणून. त्यांच्यावर काय उगवलं होतं ते सांगत नाही, फराळाचे दिवस आहेत. तर त्या मोज्यांच्या निमित्ताने हा रिव्ह्यू. खरं तर जुलैतच लिहायला घेतला होता, अर्धा टाइप पण केला होता, बरं झालं टाकला नाही, कारण एक स्टार दिला असता आणि तोही भलत्याच माणसांना.

भंडारदऱ्याकडचं कॅम्पिंग काय असतं ते नाशिककराला वेगळं सांगायला नको. मुंबई हायवेने घोटी, तिथून बारी, शेंडी. पण धरणाकाठी लायटिंग लावून स्पीकर ठोकणारे जे टेंट दिसतात त्यातला हा नाही. हा रतनगडाच्या अंगाला एका वाडीत आहे, महादेव कोळी समाजाची सात-आठ घरं मिळून चालवतात. टेंट दहा, जेवण घराघरात वाटून घेतलेलं, रान फिरवायला वाडीतलीच पोरं. फक्त बुकिंग शहरातली एक कंपनी घेते, ॲपवरून. 'रेनफॉरेस्ट कॅम्प विथ ट्राइबल होस्ट्स' हे नाव पण त्यांचंच, वाडीत कोणी असं म्हणत नाही, ते म्हणतात रान.

मी पण आधी हसलो होतो, आपल्या अकोले तालुक्यात कसलं आलंय रेनफॉरेस्ट. पण वाडीच्या मागे जी देवराई आहे तिच्यात शिरलं की भर दुपारी मोबाइलचा टॉर्च काढावासा वाटतो. जांभूळ, अंजनी, हिरडा, वर वेलींचं जाळं. पुस्तकी भाषेत निमसदाहरित म्हणायचं, कारण इथे चार महिने कोसळतो आणि आठ महिने थेंब नाही. पण त्या चार महिन्यांचं काय विचारता. घाटघर इथून जवळच, त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं).

पहिला मुक्काम जूनमध्ये, काजव्यांचा. एकच रात्र. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, फोटोत येत नाही आणि शब्दात पण येत नाही. हिरड्याचं अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं, परत पेटतं. नर माद्यांना बोलावतात म्हणे. माझी अकरा वर्षांची पोरगी पाऊण तास गप्प बसली, ही घटना आमच्या घरात परत झालेली नाही. टेंट त्या रात्री एकदम कोरडा होता, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या खुशीत जुलैचं दोन रात्रींचं पॅकेज घेतलं. माणशी २,४००, तिघांचे ७,२००. कंपनीने २३ वस्तूंची यादी पाठवली, त्यात सनस्क्रीन पण होतं. जुलैत. घाटावर. त्या यादीपायी मी १,८०० चा रेनकोट घेतला आणि ट्रेकिंगचे मोजे घेतले, ३५० ला एक जोडी, तिघांच्या मिळून तीन. साडेदहाशेचे मोजे मी आयुष्यात घेतले नव्हते, बिल बघून बायकोने माझा ताप बघितला.

पाऊस दोन दिवस थांबला नाही. त्यात तक्रार काही नाही, पाऊसच बघायला गेलो होतो. पण पहिल्या रात्री तीनच्या सुमारास माझ्या नाकावर टप्पकन थेंब. टॉर्च लावला तर टेंटच्या आतल्या कापडावर दाट थेंब, शिवणीवरून ओघळ खाली येतोय आणि नेमका पायाशी ठेवलेल्या मोज्यांवर. कोरडे म्हणून दुसऱ्या दिवसासाठी वेगळे काढून ठेवलेले मोजे हो. मी तिथेच व्हिडिओ काढला. टेंटच्या पिशवीवर छापलेलं होतं वॉटरप्रूफ ३००० एमएम, म्हणजे कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा दाब आला तरी पाणी आत झिरपणार नाही. त्या छपाईचा पण फोटो काढला. पुरावा म्हणून. सकाळी रेनकोट घालून देवराईत गेलो तर तासाभरात तो पण आतून ओला. म्हटलं सगळंच डुप्लिकेट.

घरी आल्या दिवशी कंपनीकडे तक्रार टाकली आणि मग अकरा दिवस नुसती हाणामारी. आधी ऑटो रिप्लाय, मग एक मॅडम, मग दुसरे सर ज्यांना पहिल्यापासून सगळं परत सांगायचं. मी अंबडला क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये आहे, व्हेंडरला घाम कसा फोडायचा ते मला कळतं. व्हिडिओ, फोटो, जूनचा टेंट कोरडा होता हा मुद्दा, तारीखवार मेल. शेवटी १,५०० चं कूपन मिळालं. कॅश नाही, कूपन. ३१ डिसेंबरपर्यंत चालणारं. मी ऑफिसात दोघा-तिघांना स्क्रीनशॉट दाखवला होता, आता आठवलं की लाज वाटते.

इथपर्यंत माझं मत असं होतं की माणसं चांगली, रान एक नंबर, सामान भंगार.

तिसरा मुक्काम सप्टेंबरच्या शेवटी. पोरगी हटून बसली होती. जूनमध्ये ज्यांच्याकडे जेवलो होतो त्या घरी थेट फोन केला. नेटवर्क वाडीच्या वरच्या खडकावरच येतं, त्यामुळे फोन लागायला दोन दिवस गेले. त्या घरचे बाबा म्हणाले या की, विचारायचं काय. पठारावर सगळीकडे सोनकी फुललेली, पिवळंधम्मक, आणि पाऊस अजून होताच, जुलैसारखा नाही पण भुरभुर चालूच.

मी टेंटचं विचारलं तर बाबा म्हणाले, "टेंट कशाला, पडवीत झोपा." पडवीत टेंट घडी करून रचलेले होते, ते बघून माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. म्हटलं बाबा, जुलैत तुमचा टेंट गळत होता बरं का. त्यांचा पोरगा, जो आम्हाला रान फिरवायचा, तो चुलीपाशी बसला होता. तो उठला, भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतून थेंबच थेंब.

"दादा, हे पातेलं गळतंय का?"

मी अर्धा मिनिट त्या झाकणाकडे बघत बसलो.

गळत नव्हताच तो टेंट. रात्रभरात एक माणूस श्वासातून आणि घामातून पाव लिटरच्या वर पाणी हवेत सोडतो. आम्ही तिघं, वर ओले कपडे आत, आणि पोरगी किड्यांना घाबरते म्हणून दोन्ही चेन मी स्वतः गच्च बंद केलेल्या. बाहेर पावसाने कापड गारठलेलं, आतली वाफ त्याला लागली की पाणी. कापड जितकं पक्कं वॉटरप्रूफ तितकी वाफ आत कोंडणार. जूनमध्ये उकडत होतं म्हणून मी चेन उघड्या ठेवल्या होत्या. रेनकोटचं पण तेच, माझाच घाम. डिप्लोमा मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्समध्ये मला ६८ मार्क होते हे इथे नमूद करतो.

मग मला जुलैत दिसलेलं एक एक आठवायला लागलं. आवणी चालू होती, बाया चिखलात वाकून रोपं लावत होत्या, पाठीवर इरलं. बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं, त्यावर आता प्लास्टिकचा कागद पण असतो. डोक्यापासून कमरेखालीपर्यंत पाठ झाकलेली, पुढून सताड उघडं, दोन्ही हात मोकळे, वारा खेळता. आतून ओलं व्हायचा प्रश्नच नाही. मी बांधावर १,८०० च्या रेनकोटात भिजत उभा राहून त्यांचे फोटो काढत होतो, बिचाऱ्या म्हणून. तिथली डांगी गुरं पण तशीच, ज्यांचं राजूरला प्रदर्शन भरतं. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, पाणी अंगावर ठरतच नाही. त्या अख्ख्या वाडीत भिजलेलं प्राणी एकच होतं.

आणि घर. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, पावसाच्या बाजूला पेंढा आणि निळी ताडपत्री बांधलेली, वर कौलं. धूर कौलांतून निघून जातो म्हणून आत कोंदट होत नाही. चुलीच्या वर बांबूचा माच टांगलेला, त्याच्यावर सुकं सरपण आणि बियाण्याची गाडगी. घरातल्या मावशींनी एक उतरवून दाखवलं, घेवड्याचं बी, राखेत घोळवलेलं. राखेने दमटपणा धरत नाही, कीड पण लागत नाही. पोरगी म्हणाली देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे आम्हाला शाळेत सांगितल्यात, पद्मश्री मिळालीय २०२० ला. मावशी म्हणाल्या, त्या आपल्याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या, आणि गाडगं परत वर ठेवलं. पोरीचे मोजे त्याच माचावर टाकले. सकाळी पापडासारखे कडक. धुराचा वास अजून जात नाही, शाळेत घालून जाते, मैत्रिणी विचारतात.

आता मेन गोष्ट. रात्री नागलीची भाकरी, खेकड्याचा रस्सा, कुर्डूची भाजी असं जेवण झाल्यावर तो पोरगा सहज बोलून गेला, "तुमच्या टेंटचे पंधराशे कापले ना आमचे." तक्रारीचा सूर नाही, वीज गेली म्हणतात तसं. मला आधी कळलंच नाही. मग खोदून विचारलं. माझ्या २,४०० मधले वाडीला मिळतात ९००. तिघांचे २,७००. त्यातून माझ्या व्हिडिओमुळे १,५०० दंड, 'इक्विपमेंट कंप्लेंट' म्हणून. राहिले १,२००. त्यात आम्हा तिघांचं दोन दिवसांचं जेवण, चहा, रान फिरवणं. आणि कंपनीने मला काय दिलं, तर कूपन. म्हणजे कंपनीच्या खिशातून एक रुपया गेला नाही, उलट वाडीचे पंधराशे रोख त्यांच्याकडेच राहिले. हिशोब मी तीनदा केला, तिन्ही वेळा तोच आला.

बायकोने तिथल्या तिथे पर्समधून पंधराशे काढले. मावशी घेईनात. तुम्हाला काय ठाऊक, म्हणाल्या. ओढाताण बरीच झाली, शेवटी त्या आत गेल्या आणि गेल्या वर्षीचा हातसडीचा तांदूळ दहा किलो मोजून आणला, म्हणाल्या हे घ्या आणि मग द्या. दीडशे रुपये किलो पडला. घोटीच्या मिलवर बराच स्वस्त मिळतो हे तेव्हासुद्धा मनात आलंच, लपवत नाही, असाच आहे मी. पण शिजवला की सिडकोतल्या आमच्या मजल्यावर वास जातो, समोरच्या काकू दोनदा विचारून गेल्या.

बाकी उणिवा आहेत त्या आहेत. संडास घरापासून लांब आणि दाराला आतून कडी नाही, गाणं म्हणत बसावं लागतं. चहा कोरा, गवती चहाची पात टाकून, पहिल्या दिवशी छान, तिसऱ्या कपाला दुधाची आठवण येते, माझ्यासारख्याने घोटीवरूनच पिशवी घ्यावी. पोरगा रानात फार भराभर चालतो, थांब म्हटलं की थांबतो पण आपल्याला दम लागलाय हे त्याला दिसतं. देवराईत काडी पण मोडू देत नाही, पोरीने एक फांदी ओढली तर तिला नीट समजावून हात जोडायला लावले, मला ते आवडलं, बायकोला थोडं जास्त वाटलं. पहाटे शीळकरी कस्तुर ओढ्यावर शीळ घालतो, अगदी रिकामटेकडं पोरगं शीळ मारत चाललंय असं वाटतं, त्यासाठी गजर लावायची गरज नाही.

जाणार असाल तर थेट वाडीत फोन करून जा, दोन दिवस लागतील लागायला, लागू द्या. आम्ही या वेळी माणशी हजार दिले, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि वाडीला कंपनीच्या दरापेक्षा शंभर जास्त, तेही एकाच रात्रीचे. टेंटातच झोपायची हौस असेल तर दोन्ही बाजूंच्या चेन वितभर उघड्या ठेवा, किडे काही खात नाहीत. पायात साधी प्लास्टिकची चप्पल, भद्रकालीत मिळते ती. मोजे नेऊच नका.

आणि ते १,५०० चं कूपन अजून माझ्याकडे पडून आहे. वापरलं तर पुढच्या कुठल्या तरी वाडीचे कापतील की काय या भीतीने वापरवत नाही, आणि फुकट घालवायचं तर जीव होत नाही. ३१ डिसेंबरला एकदाचं संपेल.