ऑरगॅनिक सिंथेसीस : संपादकांनी करून पाहिलेल्या कृती

संश्लेषणाच्या, म्हणजे प्रयोगशाळेत सेंद्रिय रसायनं बनवण्याच्या, कृतींची एकच मालिका हाताशी ठेवायची असेल तर मी ‘ऑरगॅनिक सिंथेसीस’ ठेवीन. इथे आलेली कृती संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत पुन्हा केली जाते. जमली नाही तर छापत नाहीत. लेखकांखाली तपासणाऱ्यांची नावं असतात. इतरत्र परीक्षक कागद वाचतो, इथे भांडी घासावी लागतात.

पहिला खंड 1921 चा. पहिल्या महायुद्धात जर्मन रसायनं येईनाशी झाली, तेव्हा इलिनॉय विद्यापीठात विद्यार्थी उन्हाळ्यात ती बनवू लागले. मालिकेचं मूळ तिथलं. त्या खंडातली फर्फ्युरॉल या सेंद्रिय द्रवाची कृती वाचाच. दीड किलो वाळलेली मक्याची बुरकुंडं, पाच लिटर सौम्य सल्फ्युरिक आम्ल, दोन किलो मीठ, आणि सगळं बारा लिटरच्या फ्लास्कमध्ये! मिलिग्रॅममध्ये रमणाऱ्या आजच्या पोरांना हे लग्नाच्या पंगतीचं माप वाटेल.

पण मला खरी गोडी जुन्या संपादकांची. रॉजर अ‍ॅडम्स यांचं संशोधन चालमोगरा तेलातल्या आम्लांपासून गांजातल्या कॅनाबिडिऑलपर्यंत पसरलेलं. मात्र हायड्रोजनेशन (रेणूला हायड्रोजन जोडणं) करणारे त्यांना प्लॅटिनम ऑक्साइड या उत्प्रेरकामुळे ओळखतात. क्लोरोप्लॅटिनिक आम्ल सोडियम नायट्रेटबरोबर वितळवून तो करण्याची कृती 1928 च्या आठव्या खंडात त्यांच्याच नावावर आहे. आम्ही तो विकत आणतो. तरी बाटली मंद पडली की कुठे बिघडलं असेल ते समजायला मी हीच पानं काढते.

हेन्री गिलमन यांनी पहिल्या एकत्रित खंडाचं (सुरुवातीचे वार्षिक खंड एकत्र करून काढलेला) संपादन केलं. ग्रिग्नार्ड अभिकर्मक (मॅग्नेशियमचं सेंद्रिय संयुग) तयार झाला की नाही, हे हिरवट-निळ्या रंगावरून सांगणारी चाचणी त्यांची. 1947 मध्ये त्यांची दृष्टी जवळजवळ गेली, आणि आज त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तांबे-लिथियम अभिकर्मकावरचा निबंध आला 1952 मध्ये! कार्ल मार्व्हल हेही संपादक. इलिनॉयमध्ये अ‍ॅडम्स यांचे सहकारी, पुढे बहुलकांकडे (पॉलिमरकडे) वळले. न जळणाऱ्या कपड्यांत वापरलं जाणारं पॉलिबेंझिमिडाझोल त्यांच्या कामातून आलं. जेम्स कोनंट मात्र लवकरच हार्वर्डचे अध्यक्ष झाले.

खोट काय? वर्षाला मोजक्याच कृती येतात, त्यामुळे हवा तो रेणू बहुधा सापडत नाही. जवळचा नातेवाईक सापडतो. जुन्या खंडांत बेंझिन पाण्यासारखं वापरलंय आणि धोक्याची सूचना असलीच तर एका ओळीत. नवख्याच्या हाती ते एकट्याने देऊ नयेत. नव्या खंडांत धोक्यांचा स्वतंत्र विचार असतो, उपकरणांचे फोटोही.

खरा माल तळटिपांत आहे. ईथर किती कोरडं हवं, ढवळणं थांबलं तर काय होतं, रंग कधी बदलतो, हे तिथेच कळतं. सगळे खंड फुकट वाचता येतात, तेव्हा जुने छापील संच महागात घेऊ नका. कपाटात देखणे दिसतात, एवढंच.