गिटार एकच, टोन दोन: गिलमोर की नॉफ्लर?

नाशिकमध्ये गंगापूर रोडला आमची मंडळी गिटार घेऊन जमली की हा वाद ठरलेलाच. ‘पिंक फ्लॉइड’ बँडचा डेव्हिड गिलमोर आणि ‘डायर स्ट्रेट्स’चा मार्क नॉफ्लर, दोघेही रॉक गिटारवादक; दोघांच्याही गाजलेल्या टोनमागे (आवाजाच्या पोतामागे) फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटारच, आवाज मात्र पार वेगळे.

डेव्हिड गिलमोरचा टोन भरदार. बिग मफ पेडलचा फझ (जाड, फाटका आवाज), हायवॅट अ‍ॅम्प, मागे डिले (प्रतिध्वनी). पण खरी करामत डाव्या हाताची. तार ताणून तो सूर सावकाश वर नेतो, नेमका टेकवतो आणि मगच कंप देतो. आपल्या कानांना मींडेची सवय, म्हणूनही तो चटकन भिडत असेल. १९७९ च्या ‘कम्फर्टेबली नम्ब’चा शेवटचा सोलो ऐकाच!

मार्क नॉफ्लर बहुतेकदा पिकशिवाय (तार छेडायच्या पट्टीशिवाय) वाजवतो; अंगठा आणि दोन बोटं. १९७८ च्या ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’मध्ये आवाज जवळपास स्वच्छ, प्रत्येक सूर सुटा.

मला विचाराल तर नॉफ्लर. फ्लॅटमध्ये कमी आवाजात गिलमोरचा टोन फुलत नाही; नॉफ्लरचा छोट्या अ‍ॅम्पवरही निघतो. ब्रिजजवळचा आणि मधला पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) एकत्र लावा, गेन (आवाज फाटवणारं बटण) उतरवा, पिक बाजूला ठेवा. सुरुवातीला बोटं दुखतील, पण हळू-जोराचा सगळा ताबा थेट बोटांत येतो.