30 इंचांपुढचा ड्रॉ: धनुष्य 68, 70 की 72 इंची?

उंच पोरगा, लांबलचक हात आणि तिरंदाजी क्लबातलं 66 इंची धनुष्य. माझी सुरुवात याच जोडीने झाली. पूर्ण ड्रॉला पोहोचलो, म्हणजे दोरी ताणायची तेवढी ताणली, की ती तर्जनी आणि मधल्या बोटाला असा चिमटा काढायची की नॉक, म्हणजे बाणाचं दोरीत अडकणारं मागचं टोक, बोटांच्या मधल्या फटीत दाबला जायचा आणि बाण रेस्टवरून, म्हणजे त्याच्या टेकूवरून, अलगद उचलला जायचा. ‘बोटं सैल सोड’ हे वर्षभर ऐकलं. बोटं बिचारी काय करणार? धनुष्य आखूड असलं की ताणलेल्या दोरीचा कोन अरुंद होतो आणि त्या कोनात तीन बोटं मावत नाहीत.

तेव्हा खरेदीआधी ड्रॉ मोजा. दोन्ही हात पसरून मापलेल्या लांबीला अडीचने भागणं हा नुसता अंदाज. हलक्या पाउंडाचं, म्हणजे ताणायला कमी जोर लागणारं, धनुष्य आणि लांब बाण घ्या, नेहमीच्या अँकरला, म्हणजे दोरीचा हात चेहऱ्याला टेकतो त्या जागी, या आणि दुसऱ्याला ग्रिपच्या सर्वांत खोल भागाच्या बरोबर वर बाणावर खूण करायला सांगा. नॉकच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच, हा तुमचा एएमओ (धनुष्य बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या मापाचा) ड्रॉ. माझा 28¾ अधिक 1¾, म्हणजे 30½. दुकानदाराला सांगायचा आकडा हा 30½. अनेक जण 28¾ सारखा आधीचा आकडा सांगतात आणि आखूड धनुष्य घेऊन घरी येतात. पुढचं सगळं या 30½ ला धरून आहे.

68 इंच, म्हणजे 25 इंचांचा रायझर (मधला मुठीचा भाग) आणि मीडियम लिंब्स (त्याला वर-खाली लागणाऱ्या, वाकणाऱ्या पात्या). सगळीकडे मिळतं, सेकंडहँडही मिळतं, आणि 28-29 च्या ड्रॉला झकास. साडेतीसला मोडणार नाही, पण शेवटच्या इंचात अंगावर येतं. आधी इंचाला साधारण दोन पाउंड वाढत होते, तिथे तीन किंवा जास्त वाढायला लागतात. यालाच स्टॅकिंग म्हणतात. क्लिकरमधून (ड्रॉ पूर्ण झाला की टिक वाजवणारी पट्टी) बाणाचे शेवटचे दोन मिलिमीटर काढायचे असतात ते नेमके याच जागी. शिवाय दोरी नाकाला लागावी म्हणून मान पुढे काढावी लागते. दुसऱ्याचं उसनं घेऊन चालवायला ठीक, पैसे घालायला नाही.

70 इंच दोन रस्त्यांनी होतं, आणि खरा पेच इथेच आहे. 25 ला लाँग लिंब्स लावा, नाहीतर 27 ला मीडियम. उंची तीच, पण हातात फरक कळतो. लाँग लिंब्स शेवटपर्यंत मऊ चालतात. 27 वर मीडियम लिंब्स जास्त वाकतात, बाण किंचित चपळ सुटतो, रायझर थोडा जड असल्यामुळे निशाण्यावर हात स्थिर वाटतो. आता पाउंडांचा हिशेब. लिंब्सवरचा आकडा सहसा 25 च्या रायझरवर, 28 इंचांच्या ड्रॉला धरलेला असतो. 34 लिहिलेले लाँग लिंब्स 25 वर साडेतीसला तुमच्या बोटांवर 39 च्या आसपास येतील. 34 लिहिलेले मीडियम 27 वर लावले की आधी दोनेक पाउंड कमी होतात, म्हणजे 37 च्या आसपास. रायझरच्या बोल्टांनी दोन-तीन पाउंड इकडेतिकडे करता येतात, पण 40 लिहिलेले लिंब्स घेऊन खांदा गमावणारे उंच लोक मी पाहिले आहेत.

माझं मत सरळ आहे: पहिल्यांदा घेताय तर 25 आणि लाँग. 27 चे रायझर प्रत्येक मॉडेलमध्ये येत नाहीत, विकायला काढले तर गिऱ्हाईक शोधावं लागतं. पोरगा सोळा-सतराचा असेल, अजून वाढत असेल, तरी हेच. इंडियन राउंडच्या (देशी धनुष्याचा स्पर्धाप्रकार) बांबूच्या धनुष्यावरून आलेल्या मुलांचा ड्रॉ नवं धनुष्य हातात आल्यावर काही आठवड्यांत, शरीराची ठेवण बदलली की, इंचभर हलू शकतो. त्यांनी तर आधी घाई करूच नये. रायझर आयएलएफ, म्हणजे लिंब्स जोडायच्या सर्रास चालणाऱ्या पद्धतीचा असला की पुढे दुसऱ्या कंपनीचे लिंब्सही बसतात. होइट कंपनीच्या फॉर्म्युला मालिकेची जोडणी मात्र वेगळी, तिथे आयएलएफचे लिंब्स बसत नाहीत.

72, म्हणजे 27 आणि लाँग. ड्रॉ साडेएकतीस-बत्तीस असेल तर बिनधास्त घ्या, बोटांना स्वर्ग आहे. साडेतीसला मात्र लिंब्स पुरते वाकतच नाहीत, बाण मंद सुटतो. 38 पाउंडांच्या आत असाल तर 70 मीटरवर साइट (नेम धरायचं साधन) खाली नेत नेत पट्टी संपण्याची भीती.

लांब ड्रॉचा खर्च धनुष्यापाशी थांबत नाही. बाण लांब म्हणजे तो जास्त लवतो, म्हणून त्याच पाउंडाला कडक, म्हणजे कमी आकड्याचा स्पाइन (बाण किती लवतो त्याचं माप) लागतो. बाणाचं टोक रायझरच्या पुढे जात असेल तर क्लिकर साइटच्या दांड्यावर लावावा लागतो किंवा लांब क्लिकर प्लेट घ्यावी लागते. आणि नव्या धनुष्यावर पहिले दोन-तीन महिने बाण पूर्ण लांबीचेच वापरा. मी 66 च्या ड्रॉवरून अर्धा डझन कापून घेतले होते. 70 हातात आल्यावर ड्रॉ मोकळा झाला आणि ते सहाही क्लिकरच्या अलीकडेच संपायला लागले.