हॅच शेल : चार्ल्स नदीकाठी बसून ऐकायचा वाद्यवृंद

बॉस्टनमध्ये उन्हाळा काढणार असाल आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाबद्दल थोडंसंही कुतूहल असेल, तर मोठ्या सभागृहाचं तिकीट काढण्याआधी एक संध्याकाळ हॅच शेलसाठी राखून ठेवा. चार्ल्स नदीच्या काठानं एस्प्लनेड नावाची लांबलचक बाग आहे, तिच्यात हा अर्ध्या घुमटाचा मंच आणि त्याच्यासमोर लंबगोल हिरवळ. कायमच्या खुर्च्या नाहीत. बहुतेक कार्यक्रमांना तिकीटही नसतं. सतरंजी पसरायची आणि बसायचं.

मी लहानपणापासून ख्याल शिकले. वाद्यवृंदाचं रीतसर शिक्षण मला नाही, पण तंबोऱ्यावर तयार झालेला कान आहे आणि खाली जे लिहिते आहे ते त्या कानाच्या भरवशावर. माझं मत आधीच सांगते: आवाजाच्या दृष्टीनं ही जागा सभागृहाच्या जवळपासही जात नाही, आणि तरीही वाद्यवृंद पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी इथेच आणेन.

सभागृहात भिंती आणि छत आवाज परत देतात. एक सूर थांबला तरी त्याची आस हवेत राहते आणि पुढचा सूर तिच्यावर येऊन टेकतो. उघड्यावर हे होत नाही. गेलेला आवाज गेला. घुमटाचं काम एवढंच, की वादकांच्या मागे आणि वर जाणारा आवाज वाया न घालवता हिरवळीकडे ढकलायचा. आतून लाकडाचे पट्टे एकात एक कमी होत गेलेले दिसतात. ते देखणे आहेतच, पण पहिल्या काही रांगांत बसलात तर त्यांचा उपयोगही कानाला कळतो: चेलो आणि डबल बास या मोठ्या तंतुवाद्यांचा खर्ज अंगावर येतो. तिथून मागे सरकत गेलं की आवाज भराभर उतरतो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलनं घटते, आणि त्यात सगळ्यात आधी जाते ती व्हायोलिनची झळाळी, कारण उंच स्वर हवेत लवकर विरतात. म्हणून इथे माइक आणि स्पीकर लावावेच लागतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त कुठे बसायचं ते नीट ठरवा.

मंचाच्या बरोबर मध्यरेषेवर, हिरवळीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात जागा धरा. तिथे घुमटातून येणारा मूळ आवाज आणि स्पीकरचा आवाज एकमेकांत मिसळलेले लागतात. एका कडेला गेलात की जवळचा स्पीकर सगळं खाऊन टाकतो. ओबो हे फुंकवाद्य डावीकडे वाजतंय की उजवीकडे हेच कळेनासं होतं. आणि फार मागे बसलात तर डोळा आणि कान यांची फारकत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर तो जवळजवळ पाव ते तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांवरच्या वादकाची काठी खाली आलेली दिसते आणि ठोका नंतर येतो. समेची सवय असलेल्या माणसाला हे फार खुपतं. अशा वेळी मी डोळे मिटून घेते, मग ठीक लागतं.

वादकांच्या अडचणी पाहण्यातही मला रस वाटतो. हवा तापलेली असली की बासरी, क्लॅरिनेट अशी फुंकून वाजवायची वाद्यं चढतात, आणि संध्याकाळ गार होत गेली की उतरतात. तारा दमट हवेत वेगळ्याच वाटेनं जातात. तबला उतरला की हातोडी घेऊन बसणारे आपले लोक आठवा, इथे तेच काम साठ-सत्तर जण एकाच वेळी कानानं करत असतात. नदीवरून वारा सुटतो, तेव्हा स्टँडवरची पानं कपड्यांच्या चिमट्यांनी धरलेली असतात आणि पान उलटायचं म्हणजे चिमटा काढा, उलटा, पुन्हा लावा, तोवर आपली जागा चुकू द्यायची नाही. पुढे बसलेल्या मुलांना हे सगळं दिसतं. बंद सभागृहात, दूरच्या बाल्कनीत बसून ते कधीच दिसणार नाही.

आता या जागेचं खरं दुखणं: रस्ता. हिरवळीच्या शेजारून स्टोरो ड्राइव्ह हा वेगवान मोटाररस्ता जातो आणि गाड्यांचा घरघराट कार्यक्रमभर चालू राहतो. जोरकस वादनात तो जाणवत नाही. पण संगीत जिथे अगदी हळू होतं, चार व्हायोलिन आणि एक हार्प एवढंच उरतं, तिथे टायरांचा आवाज वर येतो. आलापी रस्त्याकाठी ऐकावी लागली तर जसं होईल, तसंच. या रस्त्याची हकिगत कळल्यापासून तर मला त्याचा अधिकच राग येतो. पूर्वी चार्ल्स इथे भरती-ओहोटीची नदी होती, ओहोटीला चिखल उघडा पडायचा आणि दुर्गंधी सुटायची. बॉस्टनचे बँकर जेम्स स्टोरो यांनी धरणासाठी चळवळ केली, १९१० मध्ये धरण पूर्ण झालं आणि आज दिसतं ते संथ गोड्या पाण्याचं पात्र तयार झालं. त्यांच्या मागे पत्नी हेलन स्टोरो यांनी हा काठ लोकांच्या विरंगुळ्यासाठी फुलवायला दहा लाख डॉलर दिले. काठानं मोटाररस्ता काढण्याला त्यांचा विरोध होता. त्या गेल्या, पुढे काही वर्षांत, १९५१ मध्ये, रस्ता झाला आणि त्याला नाव दिलं स्टोरो. ज्या बाईनं हा काठ शांत राहावा म्हणून पैसा आणि जीव लावला, तिच्या घरचं नाव त्या घरघराटाला मिळालं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि प्रत्येक हळुवार जागेला वाटतं.

इथे फुकट संगीत सुरू केलं ते आर्थर फीडलर यांनी. बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदातला हा व्हायोलावादक (व्हायोला म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड). तिकीट परवडत नाही त्यालाही हे ऐकता यावं या हट्टानं त्यांनी १९२९ मध्ये एस्प्लनेडवर मैफली चालू केल्या. तेव्हाचा मंच लाकडी आणि तात्पुरता होता. आजचा मंच १९४० चा, मारिया हॅच यांनी भावाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पैशातून उभा राहिलेला. फीडलर १९३० पासून १९७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बॉस्टन पॉप्स या हलकंफुलकं संगीतही वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचे संचालक होते. जवळच त्यांच्या चेहऱ्याचं प्रचंड शिल्प आहे, ॲल्युमिनियमचे पत्रे एकावर एक रचून केलेलं. अगदी जवळून नुसते थर दिसतात, चार पावलं मागे गेलं की म्हातारा समोर उभा. लवकर पोचलात तर ते पाहून या.

आणि मंचाच्या ग्रॅनाइटवरची संगीतकारांची नावंही वाचा. बाख, हँडेल, बीथोवन, शोपँ, देबुसी. सगळे पुरुष. २००० मध्ये त्यांत पहिल्यांदा एका बाईचं नाव आलं, एमी बीच. ही इथून पायी काही मिनिटांवरच्या कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर राहायची. पियानोवादक म्हणून नाव कमावत असताना अठराव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याच्या इच्छेखातर जाहीर वादन वर्षाला एक-दोनदा, तेही धर्मादाय, एवढ्यावर आणलं. शिकवायचंही नाही. मग ती घरी बसून, बरंचसं स्वतःच पुस्तकांतून शिकत, रचना करायला लागली आणि १८९६ मध्ये बॉस्टन सिंफनीनं तिची सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, वाजवली. माझ्या गुरूंच्या आईचा गळा घराबाहेर कुणी ऐकला नव्हता. त्यामुळे त्या नावापाशी मी दर वेळी थांबते, हात लावते.

जायचं कधी? बॉस्टन लँडमार्क्स ऑर्केस्ट्रा ही संस्था २००१ पासून आहे, चार्ल्स आन्सबाकर यांनी स्थापन केलेली. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी तिचे विनामूल्य कार्यक्रम इथे होतात. त्या त्या वर्षीचं वेळापत्रक बघून घ्या, आणि आभाळ भरलं असेल तर निघण्याआधी पुन्हा बघा. त्यांच्या काही कार्यक्रमांत संकेतभाषेतले दुभाषे असतात. ताल, भाव, कुठलं वाद्य पुढे आलंय, हे ते सगळं हातांनी आणि अंगानं दाखवतात. ऐकू येणाऱ्यांनीही त्यांच्याकडे बघावं असं ते काम असतं.

चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मात्र संगीतासाठी जाऊ नका. १९७४ मध्ये फीडलर यांनी रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या ‘१८१२ ओव्हर्चर’ या वाद्यवृंदाच्या रचनेला खऱ्या तोफा, चर्चच्या घंटा आणि आतषबाजी जोडली आणि तेव्हापासून तो दिवस या शहराचा उत्सव झाला. १९७६ ला चार लाखांच्या आसपास लोक आले होते असं सांगतात. तो सोहळा एकदा बघावा, जरूर बघावा, पण त्या गर्दीत कान काही मिळवत नाही. हिरवळ मुळात तेवढी मोठी नाही. १९९४ च्या सप्टेंबरात ग्रीन डे या बँडचा फुकट कार्यक्रम इथे ठेवला होता, सत्तर हजारांच्या घरात लोक आले आणि थोड्याच गाण्यांनंतर तो बंद करावा लागला. जागेची ताकद लहान आणि मध्यम गर्दीत आहे.

वयस्क माणसाला घेऊन जाणाऱ्यांसाठी वाट नीट सांगते, कारण माझ्या आईच्या गुडघ्यांमुळे ती मला पाठ झाली आहे. ग्रीन लाइनच्या आर्लिंग्टन स्थानकावरून आलात तर स्टोरो ड्राइव्ह ओलांडायला फीडलर पादचारी पूल आहे. त्याला पायऱ्यांऐवजी उतार आहे, पण तो वळत वळत चढतो आणि गुडघ्यांना कळतो. त्यापेक्षा रेड लाइननं चार्ल्स/एमजीएचला उतरा. स्थानकात लिफ्ट आहे, आणि बाहेर २०१८ मध्ये झालेला फ्रान्सिस ॲपलटन पूल मंद उतारानं थेट नदीकाठी नेतो. शेजारी मोठा पूल आहे तो कवी लाँगफेलोंच्या नावाचा, आणि फ्रान्सिस ही त्यांची पत्नी. तिचं मन वळवायला ते केंब्रिजहून नदी ओलांडून चालत यायचे. तिथून हिरवळीपर्यंत काठाकाठानं सपाट चाल आहे, मध्ये शिडांच्या होड्यांचा धक्का लागतो, बसायला बाकं आहेत. आई दोनदा टेकते आणि आरामात पोचते. गाडी आणायच्या भानगडीत पडू नका, जवळ लावायला जागा मिळत नाही.

घडीची खुर्ची आणा, पण बुटकी. उंच खुर्ची घेऊन मध्ये बसणाऱ्यामुळे मागच्या सतरंजीवरच्या पोरांना काही दिसत नाही, आणि इथे कुणी उठवायला येत नाही, आपणच समजून घ्यायचं. जुलैतही पाण्यावरून गार वारा येतो, तेव्हा शाल हवीच. डासांचं मलम हवं. जुलैत सूर्य आठच्या पुढे मावळतो, म्हणजे पहिला निम्मा कार्यक्रम लख्ख उजेडात होतो. डोक्याला काहीतरी घ्या.

लहान मुलं असतील तर अगदी पुढे न्या. ती उठतील, नाचतील, हात वर करून संचालकाची नक्कल करतील. इथे कुणी वळून डोळे वटारत नाही. चार-पाच वर्षांच्या पोराला बसून (bassoon) या उंच फुंकवाद्याला हात लावण्याइतक्या जवळून ऐकायला मिळावं, तेही घरात कुणी हे संगीत ऐकत नसताना, असं ठिकाण मला दुसरं माहीत नाही. मध्यंतर झालं आणि मूल पेंगायला लागलं, तर सतरंजी उचलून खुशाल निघा. पुढच्या बुधवारी पुन्हा येता येतं.