ब्रेव्हिअरी मोबाइलवर: युनिव्हर्सालिस, आयब्रेव्हिअरी आणि डिव्हाइन ऑफिस डॉट ऑर्ग

ब्रेव्हिअरी म्हणजे कॅथलिक चर्चच्या रोजच्या ठरावीक वेळांच्या प्रार्थनांचं पुस्तक. ते मोबाइलवर देणारी ही तिन्ही साधनं इंग्रजीत चांगली चालतात, मराठी मजकूर एकातही नाही. निवड करताना मात्र दिसण्यापेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात: दिनदर्शिका कुठली आणि भाषांतर कुठलं.

भारतात इंग्रजी ब्रेव्हिअरी म्हणजे तीन खंडांची ‘डिव्हाइन ऑफिस’, अमेरिकेत चार खंडांची ‘लिटर्जी ऑफ द अवर्स’. डिव्हाइन ऑफिस डॉट ऑर्गचं नाव पहिलीचं असलं तरी मजकूर दुसरीचा आहे, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. स्तोत्रं दोन्हीकडे ‘ग्रेल’ या इंग्रजी भाषांतरातलीच, पण अँटिफोन (स्तोत्राच्या आधी-नंतर म्हणायची छोटी ओळ), विनंत्या आणि समारोपाची प्रार्थना वेगळी. अमेरिकी मजकुरात स्तोत्रानंतर एक छोटी प्रार्थनाही येते, ती आपल्या खंडांत नाही. त्यामुळे समूहात एकाच्या हाती पुस्तक आणि दुसऱ्याच्या हाती फोन असला, की पहिल्या स्तोत्राअखेरच सूर तुटतो. स्तोत्राअखेर म्हणायच्या ‘पित्याला गौरव’चे शब्दसुद्धा जुळत नाहीत.

दिनदर्शिकेचा घोळ याहून मोठा. तिच्यात दिवसांच्या चढत्या पायऱ्या आहेत: स्मरणदिन, सण आणि सोहळा. संत फ्रान्सिस झेविअर यांचा ३ डिसेंबर हा जगभर स्मरणदिन, भारतात सोहळा. म्हणजे इथे सकाळी स्तोत्रांच्या चार आठवड्यांच्या चक्रातल्या पहिल्या आठवड्याच्या रविवारची स्तोत्रं (स्तोत्र ६३, दानिएलमधलं गीत, स्तोत्र १४९) आणि २ तारखेच्या संध्याकाळीच सोहळ्याची पहिली संध्याप्रार्थना. ३ तारखेला आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) रविवार आला तर सोहळा सोमवारी सरकतो, २०२३ साली तसंच झालं. संत थॉमस यांचा ३ जुलै इतरत्र सण, भारतात सोहळा. अमेरिकी दिनदर्शिकेवरचं साधन हे काहीच दाखवणार नाही.

म्हणून भारतातल्या वापरासाठी आमची पसंती युनिव्हर्सालिसला. त्यात दिनदर्शिका म्हणून भारत निवडता येतो, आणि हे काम पहिल्याच दिवशी उरकावं. संकेतस्थळ मोफत आहे, पण हक्कांच्या कारणाने तिथली स्तोत्रं छापील पुस्तकातली नाहीत. एकट्याने म्हणायला हरकत नाही, समूहासाठी मात्र ग्रेल स्तोत्रं असलेलं सशुल्क अ‍ॅप घ्यावं. अ‍ॅपला दिवसाचा मजकूर दाखवायला नेटही लागत नाही. गावाकडे किंवा प्रवासात ही मोठी सोय.

आयब्रेव्हिअरी मोफत आहे, लॅटिन आणि इटालियनही त्यात आहे. नेट असताना पुढच्या दिवसांचा मजकूर उतरवून ठेवायला विसरू नये.

डिव्हाइन ऑफिस डॉट ऑर्गचा खरा गुण आवाजात. दोन गटांनी आळीपाळीने स्तोत्र म्हणताना कुठे थांबायचं, अँटिफोन कधी परत घ्यायचा, हे वाचून उमगत नाही. ऐकून आठवडाभरात अंगवळणी पडतं. नवशिक्याने आधी रात्रीची प्रार्थना ऐकावी: ती सर्वांत लहान, आणि त्यातलं शिमोनाचं गीत (लूकच्या शुभवर्तमानातलं) रोज तेच.