‘घरची वायनरी’ म्हणून 1,21,960 रुपयांना गंडवलं. हुरड्याच्या सीझनमध्ये सावध राहा

आधी आकडा. आमच्या आठ जणांच्या ग्रुपचे मिळून 1,21,960 रुपये गेले. त्यातले 25,600 हुरडा आणि वाइन टेस्टिंगच्या पॅकेजचे (माणशी 3,200, निम्मे ॲडव्हान्स, निम्मे गेटवर), 31,860 बाटल्यांचे, 4,500 ‘वाहतूक परवान्या’चे आणि 60,000 ‘वेल दत्तक’ योजनेचे. छत्तीस बाटल्यांपैकी सहा हातात आल्या, त्याही तोंडात घेण्यासारख्या नाहीत. उरलेल्या तीस ‘चार दिवसांत घरपोच’ येणार होत्या. आता त्या ‘वायनरी’वाल्याचा फोन बंद आहे.

ॲडव्हान्स कसा काढून घेतात, ‘शेवटच्या दोन जागा’ कशा सांगतात, हे सगळ्यांना पाठ आहे. ते इथे उगाळत नाही. लिहायचं आहे ते यासाठी की इथे सगळंच खोटं नव्हतं, आणि माणूस अडकतो तो तिथेच. बाग खरी होती. ठिबक, वेलींचा मंडप, बेदाण्याचं शेड, सगळं जागेवर. हुरडा गूळभेंडी जातीच्या ज्वारीचा, कोवळा, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर पोटभर. ‘मालक, आपलंच रान समजा’ म्हणत तो ‘वायनरी’वाला प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतः आगटीतली कणसं चोळून देत होता. शिवाय आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे खरी, नावाजलेली वायनरी कित्येक वर्षं आहे (तिचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही), त्यामुळे मोहोळच्या पुढे हायवे सोडून आत एखाद्या शेतकरी कुटुंबाने छोटी वायनरी काढली म्हटल्यावर नवल वाटायचं कारण नव्हतं. ‘सोलापूरची माणसं द्राक्षात फसतातच कशी’ म्हणून जे आता हसतायत, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

पहिली थाप होती ‘तीन पिढ्यांची वायनरी’. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं 2001 मध्ये, आणि शेतकऱ्यांच्या वायनऱ्या खऱ्या अर्थाने उभ्या राहिल्या त्यानंतर. आजोबा द्राक्षं लावत असतील, बेदाणा करत असतील. कायदेशीर वाइन करून विकत होते म्हणणारा माणूस सरळ खोटं बोलतो. भिंतीवर फेटेवाल्या आजोबांचा फोटो टांगला म्हणून परवाना जुना होत नाही.

आता खरा मुद्दा, जो आठवला की अजूनही डोकं फिरतं. द्राक्ष तुडवणी. सिमेंटच्या हौदात काळी द्राक्षं ओतली होती, ‘शिराझ आहे, रेड वाइनची’ असं सांगून. आठ जणांनी पाय धुऊन पंधरा-वीस मिनिटं तुडवली आणि पायाखाली एकही बी लागली नाही. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉ या वाइनच्या जातींचा मणी लहान, गोल, जाड सालीचा आणि आत बिया. तुडवताना त्या तळव्याला खड्यासारख्या टोचतात. इथे पायाखाली नुसता मऊ लगदा. मणी लांबट, टपोरा, म्हणजे जीएचं (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचं) डिपिंग केलेला, घड त्यात बुडवून काढलेला. जीए देतात खायच्या द्राक्षाला, मणी फुगावा म्हणून. वाइनच्या द्राक्षाला मणी फुगवणं म्हणजे रस पातळ करणं. तिथे सालीचं प्रमाण जास्त हवं, कारण रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. हौदात होतं ते शरद सीडलेस. नान्नजकडच्या शेतकऱ्यांनी पुढे आणलेली, आपल्या पोरांनाही ओळखू येणारी जात. विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं: ‘अण्णा, तुडवणी नुसती हौसेची असते, खरी वाइन मशिनवर होते, चांगली शिराझ पायाखाली कोण घालेल?’ आणि हे उत्तर निम्मं खरं आहे! चांगल्या वायनऱ्यांतही तुडवणी पाहुण्यांच्या हौसेसाठी असते, तिच्यासाठी वेगळी द्राक्षं आणतात. म्हणूनच ते पचलं. पण मग लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: वाइनची द्राक्षं लावली आहेत तो प्लॉट दाखवा. वाइनच्या वेली सहसा तारांवर उभ्या कुंपणासारख्या चढवलेल्या असतात, फूटभर पट्ट्यात घड. त्या रानात बांधापासून बांधापर्यंत मंडप होता आणि मंडपाखाली सोनाका, म्हणजे खायच्या द्राक्षाची जात.

शेडमध्ये स्टीलच्या दोन टाक्या होत्या. ‘हजार लिटरच्या, फर्मेंटेशन चालू आहे.’ जानेवारीचा शेवटचा रविवार म्हणजे ऐन क्रशिंगचे, द्राक्षं चिरडून रस काढायचे दिवस. अशा दिवसांत वायनरीत पाय ठेवला की यीस्टचा आंबूस वास नाकात बसतो, चिलटं असतात, फरशी सतत ओली, जिकडेतिकडे पाइप पसरलेले. इथे फरशी कोरडी ठणठणीत. टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हच्या तोंडात कोळ्याचं जाळं, आणि व्हॉल्व्हची मूठ धुळीने अशी जाम की बोट फिरवलं तर रेघ उमटावी. टाकीला थंड पाणी किंवा ग्लायकॉल फिरवायचं जॅकेट नाही, थर्मामीटर नाही. व्हाइट वाइन 15 ते 18 अंशांवर आंबवावी लागते, रेड 25 ते 28 वर. सोलापूरच्या हवेत कूलिंग नसेल तर तापमान चढतं, यीस्ट मरतं, साखर अर्धवट राहते आणि पुढे सगळा माल व्हिनेगरच्या वाटेला. देठ काढायचा डी-स्टेमर कुठाय, रस पिळायचा प्रेस कुठाय, फिल्टर कुठाय, कॉर्क बसवायचं मशिन कुठाय, एवढे चार प्रश्न विचारा. खऱ्या माणसाला दाखवायचा उत्साह असतो.

टेस्टिंगच्या टेबलावर ‘वेल दत्तक योजना’ आली. वेलामागे 15,000 रुपये, तीन वर्षं, दर वर्षी 12 बाटल्या, वेलाला तुमच्या नावाची पत्र्याची पाटी. चौघांनी चार वेल घेतले, नंबर 211 ते 214. म्हणजे छत्तीस बाटल्यांना पंधरा हजार, बाटली चारशे सोळाला पडते. स्वस्त वाटणारच, वाटायला नको का? पण हिशेब उलट्या बाजूने करून पाहा. वाइनच्या बागेत एकरी दीड ते दोन हजार वेल बसतात. चांगल्या वाइनसाठी माल मुद्दाम एकरी चार-पाच टनांवर रोखतात, म्हणजे वेलाला दोन ते तीन किलो. 750 मिलीच्या एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. एका वेलाच्या वर्षाला होतात दोन, फार तर तीन बाटल्या. बारा कुठून आणणार? हा हिशेब त्या टेबलावर कोणी करू नये, म्हणूनच टेस्टिंग आधी आणि योजना नंतर. हाच क्रम सगळीकडे असतो. ग्लास हातात असताना कुठेही सही करू नका, स्कॅन करू नका.

बिल वाचा. आधी वाचा, पैसे नंतर. छत्तीस बाटल्या, 750 रुपये दराने 27,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 4,860. वाइनवर जीएसटी लागतच नाही. पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट असतो आणि तो छापील एमआरपीत धरलेला असतो. जो वाइनच्या बाटलीवर वरून जीएसटी लावतो त्याने आयुष्यात परवान्याची एकही बाटली विकलेली नाही. बिलावरचा जीएसटी नंबर 29 ने सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकचा. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. ‘वाहतूक परवान्या’चे 4,500 रुपये त्याने स्वतःच्या मोबाइलवर घेतले. सरकारी फी ग्रास महाकोष या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या चलनाने भरली जाते, चलनावर जीआरएन हा सरकारी नंबर असतो. कोणाच्याही खासगी क्यूआर कोडवर सरकारी फी भरली जात नाही. आणि स्कॅन केल्यावर स्क्रीनवर दिसणारं नाव वायनरीचं नव्हतं, एका बाईचं होतं. ‘मिसेसचं खातं आहे, घरचाच धंदा.’ कुटुंबाची वायनरी म्हटल्यावर त्यात संशय घ्यायचा तरी कसा?

त्या सहा बाटल्यांचं लेबल पाहा. कोपरा नखाने उचलला तर खाली दुसऱ्या लेबलाचा चिकटा. एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवान्याचा) नंबर 14 अंकी असतो, यावर 12 अंक. बॅच नंबर नाही, भरल्याची तारीख नाही, ‘दारू पिणे आरोग्यास हानिकारक’ हा इशाराही नाही. आठवड्याभरात दोन बाटल्यांचे कॉर्क बोटभर वर आले. साखर शिल्लक, यीस्ट गाळलेलं नाही, वाइन टिकवणारं सल्फाइट नाही, मग बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होतं आणि गॅस कॉर्क ढकलतो. अशी बाटली गाडीच्या डिकीत उन्हात ठेवली तर फुटतेसुद्धा. रंग तपासायचा तर वाटीत थोडी रेड वाइन घेऊन चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. सालीतून आलेला रंग सोड्याने बदलतो, निळसर-करडा किंवा हिरवट पडतो. आमच्या वाटीत सोडा फसफसला आणि लाल रंग सरबतासारखा जसाच्या तसा राहिला. प्यायची मात्र नाही. विनापरवाना मद्यात काय मिसळलंय हे चवीवरून कळत नाही.

यापुढचा भाग चोरापेक्षा जास्त चीड आणणारा. एका ठाण्यात गेलो तर ‘ही ग्रामीणची हद्द’. तिकडे गेलो तर ‘पैसे शहरातून पाठवले ना, मग तिकडेच द्या’. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, हे दाखवलं तर साहेब म्हणाले, ‘तुम्ही स्वतः गेलात, जेवलात, प्यायलात, मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे.’ म्हणजे जेवण दिलं की पॅकेज सोडून उरलेले 96,360 माफ? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 काय नुसतं छापायला ठेवलंय? मद्य परवान्यांच्या कचेरीत तर कमालच. तिथे पहिला प्रश्न आला, ‘बाटल्या कुठायत? विनापरवाना वाइन बाळगल्याबद्दल केस तुमच्यावरच होईल.’ तक्रार घेऊन येणाऱ्यालाच दम! अन्न सुरक्षेच्या टेबलावर ‘मद्य आमच्याकडे येत नाही’ म्हणाले; मद्याचे अन्न सुरक्षा मानक 1 एप्रिल 2019 पासून लागू आहेत, हे त्यांना आम्ही सांगायचं का? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. प्रत्येक टेबलावर अर्जाची झेरॉक्स मागतात आणि पोच मागितली की शिक्का सापडत नाही. आणि तो इसम या वेळात पुढच्या रविवारचं बुकिंग घेत असणार.

तोंडी सांगू नका. लेखी द्या, पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. ठाण्याने नाकारलं तर त्याच कलम 173 खाली पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, खात्यातून पुढे सरकायच्या आत रक्कम गोठवता येते. आठवड्याने केलेल्या फोनचा उपयोग जवळपास शून्य. बाटल्या ओतून टाकू नका. लेबल, कॉर्क, बिल, स्क्रीनशॉट यांचे तारखेसह फोटो काढा आणि बाटल्यांचा उल्लेख तक्रारीच्या पहिल्याच अर्जात करा, म्हणजे उद्या उलटा डाव टाकता येणार नाही. परवाना आहे म्हणाला तर भिंतीवरचा मूळ कागद पाहा, त्यावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव जुळवा. हे सगळं हुरडा खायच्या आधी.

धाराशिवच्या एका ग्रुपकडे याच हस्ताक्षरातली पावती निघाली आहे. वेल नंबर 212 आणि 213, रक्कम तीच, 15,000. आमचे तेच दोन वेल त्यांनाही विकले. आणखी कोणाकडे 200 च्या पुढच्या नंबरची पावती असेल तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 35 नुसार एकाच प्रकारे फसलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. पावती, बँक स्टेटमेंटचं ते एक पान आणि पाटीचा फोटो काढून ठेवा. अर्जाचा मसुदा तयार आहे, सह्या घ्यायच्या बाकी आहेत.