ऋतूंचे मॉडेल: घेण्याआधी आस तपासा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात शालेय साहित्यात मिळते तसले हाताने फिरवायचे सूर्य-पृथ्वी मॉडेल. मधे दिवा, दांड्याच्या टोकाला 23.5 अंश कललेला गोल. दिसायला झकास, पण खरी परीक्षा आसाची.

दुकानातच दांडा अर्धा फेरा फिरवा. उत्तर टोक आधी दिव्याकडे होते, तर आता दिव्यापासून लांब झुकलेले हवे. ते दिव्याकडेच राहिले तर वर्षभर उन्हाळाच! दांड्याखालचा पट्टा आणि दोन सारख्या मापाच्या पुल्या आसाची दिशा कायम ठेवतात. पट्टा सैल पडला की घसरतो आणि डिसेंबरात जून येतो. या नगात पट्टा ताणायला स्क्रू आहे, म्हणून पसंत.

खटकले ते लांबट कक्षेचे चित्र. मुलांना वाटते, लांब गेलो म्हणून थंडी. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, आपण स्वेटरात असताना. पुण्यात 22 डिसेंबरला भरमाध्यान्ही सूर्य जेमतेम 48 अंशांवर असतो. तिरपे ऊन जास्त जागेवर पसरते, दिवसही 11 तासांचाच. एक मीटर काठीची सावली तेव्हा सुमारे 90 सेंटिमीटर, 21 जूनला जेमतेम 9, तीही दक्षिणेकडे.